चारशे तीनचा नळ

उल्हासनगर, कॅम्प ४
१७ फेब्रुवारी २०२५

मावशी,

साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष घालता येणार नाही, हा कागदावरचाच चालवून घे. अंबरनाथच्या पोस्टात तीस वर्षं लोकांची पत्रं निवडलीस तरी तुझी हौस काही फिटत नाही. मी फोन केला की "लिहून पाठव" म्हणतेस आणि ठेवून देतेस. घे, लिहितो.

बातमी अशी, की तुमच्या शिरगावच्या निसर्गवेल सोसायटीत मार्चपासून पाणी वाचवायचा जो खेळ फोनवर सुरू होणार आहे, तो तुझ्या भाच्याने केला आहे. तुमचे सेक्रेटरी साईनाथ म्हात्रे आमच्या ऑफिसात आले, तेव्हा मी मुद्दाम ओळख सांगितली नाही. म्हटलं, मावशीने आधी न कळता खेळावं आणि मग शिव्या घालाव्यात. पण राहवेना.

खेळ तीन आहेत, तिन्ही सुटे. पहिला पाण्याचा. घरोघरी मीटर बसलेच आहेत. आठवड्यात जी विंग कमी पाणी वापरेल, तिची टाकी पुढच्या आठवड्यात आधी भरायची. दुसरा गळतीचा. कोणाच्या घरात गळती दिसली की फोनवर कळवायचं, शेजाऱ्यांनी दुजोरा द्यायचा, की त्या घराचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो आणि प्लंबरला निरोप जातो. तिसरा चांदण्यांचा. कोणी मदत केली तर त्याच्या घराला एक चांदणी द्यायची, वाटलं तर परत घ्यायची, बस्स.

आमचे मालक गोपसेठ म्हणतात, "बेटा, ये चला तो चौदा सोसायटी खडी हैं लाइन में." तेव्हा नीट खेळ. माझी नोकरी तुझ्या नळाला टांगलेली आहे.

तुझा,
शौनक

*

शिरगाव, बदलापूर पूर्व
११ मार्च २०२५

चि. शौनक,

आशीर्वाद. कमरेला एरंडेल चोळ आणि खुर्चीत बसून कमरेचे हाल करणं थांबव.

खेळ सुरू झाला आणि माझ्या अंगात आलं. लहानपणी तुझ्या आईला एकही डाव जिंकू दिला नव्हता, हे तुला ठाऊक आहेच. भाज्या धुतलेलं पाणी झाडांना, कपड्यांचं पाणी फरशीला. वेणूबाई भांडी घासायला बारवीकडच्या पाड्यावरून येते; जाताना माझ्या स्वयंपाकघरातून एक कॅन भरून नेते, कारण त्यांचा झरा शिमगा जवळ आला की थेंब थेंब होतो. तिला सांगितलं, आता कॅन खाली बागेच्या नळावर भर, माझ्या मीटरवर नको. ती म्हणाली, "भरीन बाय, नळ काय नि नळ काय." मला जरा ओशाळल्यासारखं झालं. पण त्या आठवड्यात आमच्या ए विंगमध्ये माझं घर पहिलं आलं, मग विसरले.

चांदण्यांचा खेळ मात्र फुसका. माझ्या वरच्या मजल्यावर, चारशे तीनमध्ये, भीमराव साळवे राहतात. अंबरनाथच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, हात लावतील ते यंत्र चालू करणारे. त्यांच्या पत्नी जनाबाई पक्षाघाताने अंथरुणावर आहेत. त्या गृहस्थाने पहिल्याच दिवशी तेवीसच्या तेवीस घरांना चांदणी दिली. लिफ्टचा पंखा त्यांनीच दुरुस्त केला होता, म्हणून मी त्यांना एक दिली. परवा पाहिलं तर त्यांच्या नावावर दोनच. दुसरी कोणाची कोण जाणे. लोक विसरतात, दुसरं काय.

तुझी,
रंजनामावशी

*

उल्हासनगर, कॅम्प ४
२४ मार्च २०२५

मावशी,

तू फुसका म्हणालीस ते खरं निघालं. पहिल्या आठवड्यात सगळे खेळले, तिसऱ्यात निम्मे गळाले. गोपसेठचं तोंड कारल्यासारखं झालं. म्हणाले, "अलग अलग क्यों रखा है? जोड दे सबको."

आणि मावशी, त्यांचं बरोबर आहे. मजा सुट्या खेळात नसतेच, ती जोडणीत असते. तूच मला आमच्या गल्लीत लगोरी शिकवलीस. नुसत्या ठिकऱ्या रचायच्या म्हटलं तर दोन मिनिटांत कंटाळा. नुसता चेंडू मारायचा म्हटलं तर भांडण. पण चेंडू चुकवल्याशिवाय ठिकऱ्या रचता येत नाहीत, आणि ठिकऱ्या रचल्याशिवाय चेंडूपासून सुटका नाही, असं बांधलं की पोरं जेवायला हाक मारली तरी येत नाहीत. नियम तेवढेच, पण खेळ तिसराच होतो.

तर मी दोन गाठी मारल्या आहेत. एक, ज्या घरात गळती आहे, त्याचं पाणी विंगच्या हिशेबात धरायचं नाही. एकाच्या फुटक्या पाइपमुळे बाकीच्यांनी का हरावं? दुसरी, प्लंबर एकच आहे. तो आधी कोणाकडे जाणार, ते चांदण्यांवर ठरेल. जो शेजाऱ्यांच्या उपयोगी पडतो त्याचं काम आधी. आता चांदणीला किंमत आली की नाही?

पाडव्यापासून हे सुरू होईल. तुला आधी सांगतोय, आतली माहिती समज. एका गोष्टीला हात लावलास की दुसरी हलते, कुठून कुठे हलते ते शोध. तू शोधशीलच.

शौनक

*

शिरगाव
१५ एप्रिल २०२५

चि. शौनक,

शोधलं! खरं तर मी नाही, माझ्या हळदीकुंकवाने शोधलं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू मागच्या शुक्रवारी केलं. आंब्याची डाळ, पन्हं, कलिंगडाचं कोरीव कमळ, सगळं साग्रसंगीत. बायका खेळाबद्दलच बोलत होत्या, म्हणून तुझं पत्र काढून मोठ्याने वाचलं. भाचा किती हुशार आहे ते कळू दे म्हटलं. पोस्टात असताना दुसऱ्याचं पत्र फोडलं नाही कधी, पण स्वतःचं वाचून दाखवायला काय हरकत?

दोनशे एकची शलाका गणिताच्या शिकवण्या घेते. तिने माझ्या डाळीच्या वाट्या मांडल्या, चोवीस घरांच्या चोवीस. मग त्यातली एक उचलली आणि म्हणाली, "काकू, हे बघा. एक वाटी बाहेर काढली की तिच्यातलं पाणी हिशेबात नाही. म्हणजे एका घरावर गळती लावली की आपल्या विंगचा आकडा तेवढा खाली येतो. पहिला नंबर फिक्स!" सगळ्या टाळ्या वाजवून हसल्या. सहाशे चार बंदच असतो, मालक पुण्याला. रोज कोणीतरी येऊन त्याच्या झाडांना पाणी घालतं तेवढंच. त्याच्यावर गळती लावली. दहा मिनिटांत दुजोरे. कोणाचं काही बिघडलं नाही आणि आमची टाकी पहिली भरली!

पण बी विंगलाही ती युक्ती कळली. शलाकाची नणंद तिथे राहते ना. आता बरोबरी आहे, आणि उन्हाळा तर आत्ता कुठे चढतोय. मंगळागौरीला रंगत नाही इतकी चर्चा लॉबीत रंगते.

काल भीमरावांनी जयंतीचे जिलबीचे पुडे घरोघर वाटले. तेव्हा आठवलं, हळदीकुंकवाला जनाबाईंसाठी वाण पाठवायचं राहून गेलं. एकीच्याही लक्षात आलं नाही बघ.

रंजनामावशी

*

उल्हासनगर
२५ एप्रिल २०२५

मावशी,

तुझ्या हळदीकुंकवाला साष्टांग, आणि या वेळी खराखुरा, कंबर सुटली आहे.

गोपसेठ ऑफिसात मिठाई वाटताहेत. निसर्गवेलमध्ये आता रोज ब्याण्णव टक्के घरं खेळतात. मी असं काही बघितलेलं नाही. आणि त्यातही तुमची ए विंग! एकवीस तारखेला चारशे तीनवर गळती लागली आणि अकरा मिनिटांत बावीस घरांचे दुजोरे आले. सहाशे चार बंद, चारशे तीन स्वतः. उरलेल्या सगळ्या घरांनी बटण दाबलं, एकही मागे राहिलं नाही. इतकी एकी मी आमच्या बिल्डिंगमध्ये गणपतीलासुद्धा पाहिली नाही. गोपसेठ म्हणाले, "ये स्क्रीन फ्रेम करके लगा दे."

बाकीच्या सोसायट्यांना दाखवायला मला एक गोष्ट हवी आहे. चारशे तीनमध्ये गळती पहिली कोणी पाहिली? भिंत ओली झाली होती की खाली थेंब पडत होते? सविस्तर लिही. असे तपशील असले की समोरच्याला पटतं.

शौनक

*

शिरगाव
३० एप्रिल २०२५

चि. शौनक,

आशीर्वाद. उन्हाने डोकं दुखतं, म्हणून चार ओळी.

गळती होती म्हणे. भिंत मी पाहिली नाही.

एक सहज विचारते. तुझ्या खेळात प्लंबर चांदण्यांच्या क्रमाने जातो. समज, एखाद्याच्या दोनच चांदण्या आहेत. आणि रोज नव्या तक्रारी येताहेत, जास्त चांदण्यावाल्यांच्या. तर त्या दोनवाल्याचा नंबर कधी येतो? काही ठरलेले दिवस असतील ना? चार, पाच? त्यानंतर पाणी आपोआप सुरू होत असेल.

सहजच विचारते. लवकर कळव.

रंजनामावशी

*

उल्हासनगर
५ मे २०२५

मावशी,

तुझा प्रश्न वाचला आणि हसलो. म्हटलं, बाईसाहेब पुढच्या डावाची तयारी करताहेत. उत्तर लिहायला बसलो की दिवसांची मर्यादा आहे, काळजी नको. मग आठवेना की किती ठेवली. बघायला गेलो.

ठेवलेलीच नाही. मला वाटलं होतं, प्लंबर काय, आज ना उद्या पोचेलच. तिन्ही खेळ सुटे असताना तो पोचतही होता.

मग चारशे तीन उघडून बघितलं. मावशी, तिथे चौदा दिवस व्हॉल्व्ह बंद आहे. हे यंत्राचं चुकलं असेल ना? की त्यांनी वरून दुसरी लाइन घेतली आहे? तिथे तेच राहतात ना, लिफ्टचा पंखा दुरुस्त करणारे? आणि त्या आजारी बाई?

तीनदा फोन केला, तू उचलत नाहीस. या वेळी "लिहून पाठव" म्हणू नकोस, उचल.

शौनक

*

शिरगाव
८ मे २०२५

शौनक,

फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तुझा आवाज ऐकला असता तर मी स्वतःची बाजू मांडत बसले असते.

गळती नव्हती. एकवीस तारखेला लॉबीत ठरलं की बी विंगच्या पुढे जायला अजून एक घर बाहेर काढायला हवं. कोणाचं, असं कोणी विचारलंसुद्धा नाही. शलाकाने यादी उघडली आणि म्हणाली, "सगळ्यात कमी चांदण्या कोणाच्या ते बघू, म्हणजे वाद नको." यादीत तळाला चारशे तीन. कोणी त्यांचं नाव घेतलं नाही, जात तर नाहीच नाही. सगळं कसं स्वच्छ, आकड्यांनी ठरलेलं. तू म्हणालास ना, बावीस घरांनी बटण दाबलं? त्या बावीसात मी आहे. मला वाटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

दोन दिवसांनी त्यांना बादली घेऊन बागेच्या नळाकडे जाताना पाहिलं. चार दिवसांनी बागेच्या नळाला कुलूप लागलं. मी साईनाथकडे गेले. तो म्हणतो, "ताई, माझ्या हातात काय आहे? अॅपमध्ये आहे ते. प्लंबर येईल त्यांच्या नंबरानं." रोज त्यांच्या पुढे नवा नंबर लागतो, कारण बाकीचे हळूच नळाचे वॉशर बदलून घेताहेत.

परवा मी दोन बादल्या घेऊन वर गेले. दार उघडलं तर घरात वास. जनाबाईंच्या पाठीला अंथरुणाने जखम झाली आहे, डॉक्टरांनी दिवसातून दोनदा धुवायला सांगितलं आहे, चादरी रोज बदलायला. भीमराव विकतच्या बाटल्यांनी जखम धूत होते. मला बसायला खुर्ची दिली. मी म्हटलं, माझं चुकलं, मीही बटण दाबलं. ते म्हणाले, "माहीत आहे मॅडम. त्यात नावं दिसतात." मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नका. हा खेळ आम्हाला नवा नाही. माझ्या आजोबांच्या गावाला विहिरीवर हाच होता. तिथं फक्त फोन लागत नव्हता."

शौनक, तू कुठेही असं लिहिलं नव्हतंस, हे मला माहीत आहे. मीही असं ठरवलं नव्हतं. शलाका तर खरोखर गणितच करत होती. पण त्या चांदण्यांत आमच्या मनात जे होतं ते सगळं जमा झालं होतं, हळदीकुंकवाचं न गेलेलं वाणसुद्धा. आणि तू ते पाण्याला नेऊन जोडलंस.

मी खाली आले तोवर माझ्या अकरा चांदण्या शेजाऱ्यांनी परत काढून घेतल्या होत्या. ती गाठ सोड. आजच्या आज.

रंजनामावशी

*

उल्हासनगर
१३ मे २०२५

मावशी,

गाठ सोडली. पण आधी एक सांगायचं आहे, तू तुझं सांगितलंस म्हणून.

मला हे दिसलं होतं. खेळ देण्याआधी आम्ही तो खोट्या घरांवर चालवून बघतो. मार्चमध्ये चाळीस वेळा चालवला आणि चाळीसही वेळा कमी चांदण्यांचं घर आधी कोरडं पडलं आणि मग कोरडंच राहिलं. मी वहीत लिहिलं, "इंटरेस्टिंग, खेळाडूंना शोधू दे." खोट्या घरांत माणसं नव्हती, म्हणून मला ती दिसली नाहीत. मला स्वतःची लाज वाटते.

गोपसेठकडे गेलो. ते वाईट नाहीत, पण म्हणाले, "बेटा, चलती गाडी का पहिया निकालेगा?" चौदा सोसायट्यांची जोडणी पुढच्या महिन्यात आहे. मग मी त्यांना न विचारता, काल सकाळी निसर्गवेलच्या दोन्ही गाठी काढल्या. पाणी वेगळं, गळती वेगळी, चांदण्या वेगळ्या. अकरा वाजता चारशे तीनचा व्हॉल्व्ह उघडला. स्क्रीनवर तो ठिपका लालचा हिरवा झाला. मीटर फिरायला लागला तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवलं.

नोकरी आज संपली. त्याचं वाईट वाटत नाही. चौदा ठिकाणी मात्र ते माझंच जुनं रूप लावणार आहेत, ते मला थांबवता आलेलं नाही. पण तुमच्याकडे तरी आता सगळं ठीक होईल.

भीमरावकाकांना मला भेटायचं आहे. त्यांना चालेल का, विचार.

शौनक

*

शिरगाव
१९ मे २०२५

चि. शौनक,

आशीर्वाद. नोकरी गेली म्हणून आईला घाबरू नकोस, मी बोलते तिच्याशी.

तुझा ठिपका हिरवा झाला तेव्हा मी चारशे तीनमध्येच होते. आधी नळ नुसता फुसफुसला, मग गढूळ आलं, मग स्वच्छ. आम्ही पातेली, बादल्या, कुकर, फुलदाणीसुद्धा भरली. जनाबाईंना कोमट पाण्याने स्वच्छ पुसलं. त्यांना बोलता येत नाही, पण ओला हात त्यांनी किती तरी वेळ गालावर धरून ठेवला.

संध्याकाळी पाच वाजता पाणी गेलं.

मला वाटलं, तुमच्या मालकाने पुन्हा बांधलं. तसं नव्हतं. जिन्याजवळच्या डक्टमध्ये घरोघरच्या पाइपांना हाताचे कॉक आहेत. चारशे तीनचा कोणीतरी बंद केला होता आणि त्याची दांडी काढून नेली होती. लॉबीत गेले तर लिफ्टशेजारी पांढरा फळा लावलेला. शलाकाने पट्टीने रेघा मारल्या आहेत. चोवीस घरं, त्यापुढे चांदण्या, मार्करने काढलेल्या. वर लिहिलं आहे, "अॅप बिघडल्यामुळे तात्पुरती सोय". बी विंगमध्येही तसाच फळा आहे. टाकी आधी कोणाची भरायची ते साईनाथ आता तो बघून ठरवतो. मी विचारलं तर म्हणाला, "ताई, लोकांना सवय झाली. आता मधेच बंद केलं तर भांडणं होतील."

मी सगळ्यांसमोर ओरडले. गळती नाही, अॅपमधली गाठही सुटली आहे, मग हे कशासाठी? सगळे नम्रपणे उभे राहिले. ज्या बायकांनी माझ्या हातची डाळ खाल्ली, त्यातल्या एकीने फडकं घेऊन माझ्या नावापुढच्या उरल्यासुरल्या चांदण्या पुसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नळ कोरडा. माझ्या तीनशे दोनच्या कॉकचीही दांडी नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे, भीमरावांनी आणि मी, दोघांच्या सहीने. नगरपालिकेतही दिली. ते येतील तेव्हा येतील. जखम तोवर थांबत नाही.

काल वेणूबाई आली ती डोक्यावर कॅन घेऊन. तिच्या पाड्याच्या झऱ्याचं पाणी, पहाटेपासून वाटीवाटीने भरलेलं. मी मार्चमध्ये तिला काय सांगितलं होतं ते तिने काढलं नाही. म्हणाली, "बाय, पान्यावाचून कसं व्हनार? आमचा झरा आटतो, पर कोनाला बगून आटत नाय." आम्ही दोघींनी तो वर नेला. आज तिला गेटवर अडवलं. तीनशे दोन आणि चारशे तीनकडे येणाऱ्यांची वेगळी वही केली आहे.

भीमरावांना तुझं विचारलं. त्यांनी आधी जनाबाईंची उशी सारखी केली. मग म्हणाले, "येऊ दे. रिकाम्या हाताने नको."

रविवारी ये. दोन कॅन पाणी आण, झाकण घट्ट लावून, वर पिशवीत भाजी ठेव. आणि गेटवर विचारलं तर माझं नाव सांगू नकोस. शलाकाचं सांग, म्हणजे सोडतील.

तुझी,
रंजनामावशी